तिसऱ्या मजल्यावरचं सरोवर

माशांच्या टाकीत ज्या पाण्याची वाळू घालावी, ते पाणी एकदा तरी आपली वाळू बघायला घरी येतं. म्हणून वाळू निवडताना निशिकांत बुधगावकरांना घाई करून चालण्यासारखं नव्हतं.

बुधगावकर सांगलीत विश्रामबागेत तिसऱ्या मजल्यावर राहत. विमा कंपनीतून निवृत्त झालेले, नेमस्त, हळू बोलणारे गृहस्थ. त्यांना गाडी लागायची. नरसोबावाडीला निघालं तरी जयसिंगपूर येईपर्यंत ते पांढरेफटक पडत आणि उरलेला रस्ता इंदुमतीबाई त्यांच्या तोंडासमोर पिशवी धरून बसत. लग्न झालं तेव्हा इंदुमतीबाईंनी काश्मीरचं नाव काढलं होतं. मग बरीच वर्षं महाबळेश्वरचं काढलं. पुढे कशाचंच काढेनाशा झाल्या. दिवाणखान्यात टाकी आली ती त्यानंतर.

टाकीत आफ्रिकेतल्या एका सरोवरातले सिक्लिड जातीचे मासे होते. दुकानात त्यांना नुसतं ‘मलावी’ म्हणतात. निळ्या अंगाचा एक नर आणि पिवळसर मादी, आणि तळाला खडी. सगळं ठीक चाललं होतं, पण एका आठवड्यात मादीनं खाणं सोडलं. हनुवटीखाली तिला फुगवटा आला आणि ती कोपऱ्यात तोंड मिटून उभी राहू लागली. बुधगावकरांनी चौगुल्यांना बोलावलं. मासे त्यांच्याच दुकानातले होते.

चौगुले गुडघ्यावर हात ठेवून बराच वेळ काचेतून बघत राहिले.

“काका, तोंडात पिल्लं हायत तिच्या,” ते म्हणाले. “ह्या जातीत अंडी तोंडातच उबवत्यात. आता पिल्लं तयार झाल्यात, पण ती सोडायला तयार न्हाई. खाली बघा की. खडी टोचती. ह्यांना वाळू लागती, तोंडात घेऊन चाळायला.”

“आणि नाहीच सोडली तर?”

“तर उपाशी ऱ्हाणार. ती बी जाईल आन् पिल्लं बी.” चौगुले उठले. “वाळू घाला. फकस्त कुणाची घालताय ते बघून घाला. नंतर म्हणू नका, चौगुल्यानं सांगितलं न्हाई.”

कृष्णेची वाळू घालण्याचा प्रश्नच नव्हता. कृष्णा न बोलावताच पुरात तळमजल्यापर्यंत येऊन गेली होती आणि तिचं नाव काढलं की तळमजल्यावरची माणसं अजून आवाज खाली करत. बुधगावकरांनी वारणेची वाळू ठरवली. वारणा स्वभावानं गरीब, असं सगळेच सांगत. ते रीतसर सोसायटीचे सेक्रेटरी पट्टणकुडे यांच्याकडे गेले.

“येऊ दे की,” पट्टणकुडे म्हणाले. “पण सकाळी, पंप सुरू व्हायच्या आत. जिन्यानं यायचं, लिफ्ट वापरायची नाही. पायऱ्यांवर गाळ ठेवायचा नाही. मागं जोशींकडं येरळा नदी आली होती, तिच्या शिंपल्या आजून सापडतात.”

वाळू धुऊन टाकीत घातली आणि दुसऱ्याच सकाळी वारणा आली. जिन्यात आधी उसाच्या मळीचा वास आला, मग ती दारात थांबली. इंदुमतीबाईंनी पायपुसणं उचलून घेतलं आणि आत बोलावलं. सोफ्याच्या कडेला अंग चोरून वारणा बसली. पाणी विचारलं तर नको म्हणाली. उठून टाकीपाशी गेली आणि तिनं माशांकडे नीट बघून घेतलं.

“हे माझ्यातले नव्हेत,” ती म्हणाली.

“नाही. लांबचे आहेत,” बुधगावकर म्हणाले.

“ह्यांना जड पाणी लागतं. माझी वाळू ह्यांना परकी आहे हो. ती पोर तोंड उघडायची नाही.” वारणा थोडी घुटमळली. “राग नसावा, पण वाळू परत दिलीत तर बरं होईल. अलीकडं माझ्याकडंच फार उरलेली नाही.”

त्यात रागावण्यासारखं काही नव्हतं. इंदुमतीबाईंनी वाळू घमेल्यात काढली, वर थोडे तांदूळ आणि सुपारी ठेवली, आणि वारणा ती घेऊन जिन्यानं उतरून गेली. पायऱ्या तिनं स्वतःच धुतल्या.

मग समुद्राच्या वाळूचा विषय निघाला. इंदुमतीबाई म्हणाल्या, समुद्र आला तर भांडी आधी माळ्यावर टाकावी लागतील, आणि खारं पाणी त्या माशांच्या तरी काय कामाचं. विषय तिथंच मिटला. चौगुल्यांनी कारखान्यात चाळलेली, पिशवीबंद पांढरी वाळू दिली. ती कुठल्याच पाण्याची नव्हती, त्यामुळे तिला बघायला कुणी यायचा धोका नव्हता. बुधगावकरांनी ती अंथरली. दिसायला टाकी सुरेख दिसू लागली. पण मासे त्या वाळूवर उतरेनात. नर वरच्या थरात स्तब्ध राहिला आणि मादी काचेला तोंड लावून अशी उभी राहिली, की इंदुमतीबाईंनी एकदा तिथून जाताना पदरानं काच झाकली.

“बेवारशी वाळू आहे ती,” त्या म्हणाल्या. “तिच्यावर कोण पोरं ठेवील?”

मादीचं पोट आता आत गेलं होतं. बुधगावकर पुन्हा दुकानात गेले. चौगुल्यांनी सगळं ऐकून घेतलं, मान खाजवली, मग गल्ल्यामागच्या फळीवरून एक कापडी पिशवी काढून काउंटरवर ठेवली.

“ही मलावीचीच. सरोवराची. कुणाला दिली न्हाई आजवर. नदी येती आन् जाती, काका. सरोवराचं काय सांगावं? त्ये कधी कुठं गेल्यालंच न्हाई.”

बुधगावकरांनी पिशवी हातात घेतली. ती दिसत होती त्यापेक्षा पुष्कळच जड होती.

पट्टणकुड्यांनी या वेळी त्यांना बसायला सांगितलं आणि चष्मा पुसला.

“खोली किती म्हणालात?”

“आपल्यासारख्या चाळीसेक इमारती एकावर एक ठेवल्या तर बुडतील.”

“आणि लांबी?”

“सांगलीहून निघालं तर मुंबई मागं टाकून पुढं जावं लागेल.”

पट्टणकुडे विचारात पडले. नियमात पाहुण्या पाण्याच्या आकाराबद्दल काही नव्हतं. “मला हरकत घ्यायला जागा नाही,” ते शेवटी म्हणाले. “पण बुधगावकर, मावणार कसं?”

बुधगावकर पिशवी उचलून निघाले. घरी येऊन त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली आणि इंदुमतीबाईंना सगळं सांगितलं. छत, भिंती, शेजारी, सगळं. इंदुमतीबाई ऐकत होत्या, पण बघत होत्या टाकीकडे.

“पहिलं बाळंतपण आहे तिचं,” त्या म्हणाल्या. “माहेरचं माणूस नको का जवळ?”

“अगं, पण माणूस केवढं!”

“केवढंही असू दे. तुम्ही वाळू घाला.”

वाळू घातली. दुसऱ्या सकाळी कुणी आलं नाही, तिसऱ्या सकाळीही नाही. लांबून यायचं म्हणजे वेळ लागणार, असं इंदुमतीबाई म्हणाल्या आणि त्यांनी दाराला तोरण लावलं. मादी मात्र कोपरा सोडून खाली आली होती. नव्या वाळूच्या वर, जेमतेम बोटभर अंतरावर, ती थरथरत उभी होती.

गुरुवारी दुपारी जेवणं आटोपल्यावर घंटी वाजली. बुधगावकरांनी दार उघडलं तर जिना दिसेना.

दारात सरोवर उभं होतं.

ते वारणेसारखं आत आलं नाही. आत येण्याची त्याला गरजच नव्हती; दार उघडलं तेव्हाच ते सगळीकडे होतं. एक थेंब उडाला नाही, भिंतीवरचं कॅलेंडर हललं नाही. खोलीतला उजेड फक्त निळा झाला, आणि बुधगावकरांना कळलं की आपण श्वास घेतोय तो पाण्यात घेतोय आणि त्याचा त्रास होत नाहीये. त्यांनी खाली पाहिलं. फरशी होती तिथंच होती, पण आता फरशीच्या खाली बघता येत होतं. दुसरा मजला, पहिला मजला, पार्किंगमधल्या स्कूटर, आणि त्याखाली उतरत गेलेलं पाणी, आधी निळं, मग गडद, मग नुसतं खोल. तिथं कधीच कुणी गेलेलं नव्हतं, हे त्यांना कुणी न सांगता समजलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना कशाच्या तरी पाया पडावंसं वाटलं, पण पडायचं कुठल्या दिशेला हे समजेना, म्हणून ते नुसते हात जोडून उभे राहिले.

“या,” इंदुमतीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी लहान मुलीसारखा निघाला होता.

नद्या बोलतात. सरोवर बोललं नाही. ते टाकीकडे वळलं, आणि एवढं मोठं काहीतरी एका ठिकाणी लक्ष देतंय म्हटल्यावर साऱ्या घरातले आवाज थांबले. फ्रिज थांबला, घड्याळ थांबलं. मादी वाळूपर्यंत खाली गेली. तिनं वाळूचा एक घास घेतला, कल्ल्यांतून सोडला, पुन्हा घेतला. मग तिनं तोंड उघडलं.

पिल्लं एकेक करत बाहेर आली. तिळाएवढ्या डोळ्यांची, अजून पुरता रंग न आलेली. ती वाळूवर टेकली, दचकली, परत टेकली. शेवटचं पिल्लू तिच्या ओठावर थोडं थांबलं आणि मग तेही उतरलं.

बुधगावकर रडत होते. पाण्यात असल्यामुळे ते कुणाला दिसलं नाही.

तेवढ्यात पट्टणकुडे जिन्यानं वर आले, म्हणजे पोहतच आले, हातात चपला घेऊन. काहीतरी बोलायचं म्हणूनच आले असणार. उंबऱ्यापाशी त्यांनी खाली पाहिलं, मग वर पाहिलं, आणि चपला छातीशी धरून तिथंच तरंगत राहिले.

“वहिनी,” ते दबक्या आवाजात म्हणाले, “मुक्काम किती दिवस?”

“बाळंतपण म्हटलं की सव्वा महिना धरायचा,” इंदुमतीबाई म्हणाल्या.

“हो, तेही खरंच,” पट्टणकुडे म्हणाले. “पंपाचं मग बघावं लागेल.” आणि ते सावकाश खाली गेले.

संध्याकाळी इंदुमतीबाईंनी गॅलरीचं दार उघडलं. समोर एरवी शेजारच्या इमारतीची गच्ची आणि तिच्यावरची काळी टाकी दिसे. आता तिथं नुसतं पाणी होतं, पार क्षितिजापर्यंत, आणि पलीकडे डोंगरांची एक फिकट ओळ. सूर्य मावळत होता तो त्या डोंगरांमागे. इंदुमतीबाई कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभ्या राहिल्या. बुधगावकर त्यांच्या शेजारी आले. त्यांना मळमळ होतेय का हे इंदुमतीबाईंनी सवयीनं विचारलं. नाही म्हणाले.

“केवढं आहे हो,” त्या म्हणाल्या.

“केवढं आहे,” ते म्हणाले.

अंधारू लागलं तशा दूरवर होड्यांमधल्या कंदिलांच्या ज्योती दिसू लागल्या. कोळी जाळी टाकायला निघाले होते. त्यातली एक होडी वाट वाकडी करून जवळ जवळ आली. आत एक उंच, सावळा माणूस वल्हं धरून उभा होता. त्यानं तिसऱ्या मजल्याकडे पाहून हात उंच केला आणि त्याच्या भाषेत काहीतरी विचारलं.

बुधगावकरांनीही हात वर केला. “हो, हो, सुखरूप,” ते मोठ्यानं म्हणाले. “सगळी सुखरूप आहेत. या, वर या!”

माणूस हसला आणि त्यानं होडी गॅलरीच्या कठड्याला बांधली. इंदुमतीबाई आत गेल्या आणि त्यांनी कुकरमध्ये आणखी वाटीभर तांदूळ घातले.