सलग चालला पाहिजे

कोणाच्याही टेबलावर लॅपटॉप दिसला की बोरकुटे सर आधी त्याच्या पोटाखाली उलटा हात घालायचे. आजारी लेकराचा ताप बघावा तसा. मग डोळे मिटून निदान सांगायचे, "गरम हाय. हा टिकत नाई." एकदा शाळा तपासायला आलेल्या साहेबांच्या लॅपटॉपचाही त्यांनी असाच ताप पाहिला. त्या वर्षीचा आमचा अहवाल जरा कडकच आला.

गोंडपिपरीच्या शाळेत ते गणित शिकवतात, मी मराठी. लग्न केलेलं नाही, भाड्याच्या खोलीत एकटे राहतात. एरवी तोंडातून शब्द निघायचा नाही, पण प्रोसेसरचा विषय निघाला की तास संपल्याची घंटाही ऐकू यायची नाही.

"प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी अक्षर असते, सर. एच असला त तो हल्या, रेडाच समजा. कितीही ओढते, पण घडीघडी पाण्यावर न्या लागते. यू असला त गोऱ्हा. खाते कमी, दिवसभर चालते, पण चिखलात जुंपला का बसूनच जाते."

"मग घ्या की एखादा."

"कोणता घेऊ? मले व्हिडिओ जोडाचाही हाय अन् दाखवाचाही हाय. जोडाले हल्या पायजे, दाखवाले गोऱ्हा. अन् चार्जरबिगर सलग चालला पायजे."

हळूहळू माणसंही त्यांना तशीच दिसू लागली. हेडमास्तर एच होते. सकाळी तापायचे आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत संपायचे. आमच्या एका बाईंनी पुतणीसाठी आलेल्या स्थळाचा फोटो दाखवला, तर सर म्हणाले, "दिसाले ठीक हाय. पण दम किती टिकते, थे फोटोत समजत नाई." बाई महिनाभर बोलल्या नाहीत.

चंद्रपूरचा दुकानदार तर त्यांना लांबून पाहताच जेवायला निघून जायचा, मग सकाळ का असेना. एकदा मी सोबत गेलो. सरांनी एक लॅपटॉप पुढ्यात ओढला, चार्जर उपटला, खिशातला पेन ड्राइव्ह लावला आणि स्टुलावर बसून राहिले. पडद्यावर झाडीपट्टीचं नाटक सुरू झालं. आमच्याकडे धान निघाला की गावोगावी मंडप पडतात, तिथलंच कोणीतरी मोबाइलवर घेतलेलं. त्यातला नोकर झालेला नट मालकाची चप्पल घालून मालकालाच दरडावत होता. गिऱ्हाइकं गोळा झाली. जेवायला गेलेला दुकानदारही परत येऊन हसू लागला.

हसले नाहीत ते फक्त बोरकुटे सर. त्यांची नजर कोपऱ्यातल्या बॅटरीच्या आकड्यावर.

"कोण हो हा? गॅदरिंगला बोलवू या ना," मी म्हणालो.

"माहा लहान भाऊ. मनोहर." आणि त्याच सुरात, "आता बोलत नाई. तंबाखूचा खर्रा खात होता. नागपूरले ऑपरेशन झालं, जीभ काढली."

परतीच्या बसमध्ये त्यांनी बाकीचं सांगितलं. मनोहर मार्कंड्याच्या पलीकडं, गावी पडून होता. नाटकं बंद झाली, माणसं यायची बंद झाली. सरांनी गावोगावच्या लोकांच्या मोबाइलमधून त्याच्या नाटकांचे तुकडे मागून आणले होते. एकदा शाळेचा जुना लॅपटॉप घेऊन ते गेले. नेहमीसारखी गावात विजेची लाइन नव्हती.

"त्याची एन्ट्री होती, सर. पडदा सरकला, अन् लॅपटॉप बंद पडला. मनोहरनं माह्याकडं पाह्यलं. बोलता येत नाई ना त्याले. नुसता पाहून राह्यला."

त्यानंतर मला हसू येईना. मनोहरचं दुखणं पुन्हा मानेत उतरलं होतं आणि सर अजून हल्या-गोऱ्ह्यातच अडकले होते. शेवटी मीच चिडलो. "सर, तुम्ही निवडत बसाल आणि..."

त्या रविवारी त्यांनी लॅपटॉप आणला. ना एच, ना यू, मधलाच. व्हिडिओचं काम वेगळा भाग सांभाळतो, म्हणून तापत नाही, असं दुकानदारानं शपथेवर सांगितलं होतं. मग सुट्टीभर सर तुकडे जोडत बसले, खोलीतून बाहेर पडले नाहीत.

आम्ही दोघं गावी गेलो तेव्हा लाइन नव्हतीच. दुपारची वेळ, ओसरीत शेजारी जमले होते. तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला मनोहर भिंतीला टेकून बसला होता. अंगावर मांस नव्हतं. सरांनी लॅपटॉप त्याच्यासमोर ठेवला. त्यानं तो उचलला, लोकांकडं फिरवला आणि स्वतः त्याच्या मागं जाऊन बसला.

लॅपटॉपमधून त्याचा आवाज येऊ लागला, आणि मागं मनोहरचे हात हलू लागले. प्रत्येक शब्दावर बरोबर. लोक पडद्याकडं बघतच नव्हते. सगळे त्याच्याकडं बघून हसत होते. एक म्हातारी हसता हसता पदरानं डोळे पुसत होती.

नाटक मध्येच थांबवून तो पब्लिकशी बोलायचा, तो तुकडा आला. "आमचे मोठे भाऊ आले का हो? नसन आले. पोराईले पाढे शिकवत असन." मंडपात हशा. पुढचा तुकडा दुसऱ्या गावचा. "आमचे मोठे भाऊ आले का हो?" मग तिसऱ्या गावचा.

मी सरांकडं पाहिलं. ते हळूच म्हणाले, "मी एकाही नाटकाले गेलो नाई, सर. नाचे लोकं म्हणत होतो. हे जोडतानी ऐकलो. काढून टाकाचं होतं. नाई काढलो."

लॅपटॉपमधल्या मनोहरनं पुन्हा विचारलं. मागच्या मनोहरनं कपाळावर हात धरून ओसरीभर शोधलं आणि बोट रोखलं ते बोरकुटे सरांवर.

सगळी ओसरी वळून बघू लागली. सरांनी वर्गातल्या मुलासारखा हात वर केला. आणि हशा थांबला तरी खाली घेतला नाही.