तुकोजींचा काढा

"मरेन, पण कापी सोडणार नाही!" तुकोजींनी ट्रिप्लिकेनच्या बिऱ्हाडात कॉफीचा पेला घट्ट धरून, पाय आपटून जाहीर केलं.

"मरा खुशाल," कनकाबाई म्हणाल्या. "पण आधी ते पोट उतरवा. इथली तमिळ म्हणच आहे, रोडक्याला तीळ, जाड्याला कुळीथ."

वैद्यबुवांनीच सांगितलं होतं, भाजल्या कुळथाच्या पुडीत सुंठ-मिरं घालून काढा घ्या, जठराग्नी पेटेल, चरबी झडेल. झालं! कनकाबाईंनी डबाभर पूड दळली आणि कॉफीचा डबा फक्त पाहुण्यांपुरता ठेवला. आता तंजावरकडच्या मराठी माणसाची कॉफी तोडायची म्हणजे काय थट्टा आहे? बायको देवळात गेलेली पाहून तुकोजींनी दोन्ही डब्यांतल्या पुडी सरळ बदलून टाकल्या. कनकाबाईंचं नाक बारमाही चोंदलेलं. त्या काढा म्हणून रोज कॉफीच उकळून देत आणि तुकोजी "शी, काय कडू!" म्हणत वर दूध-साखर मागून घेत.

"पोट हलत कसं नाही हो?"

"अग्नी पेटायला वेळ लागतो!"

अशात तांबरमहून अमरसिंहराव आणि धनलक्ष्मीबाई मुलाला घेऊन तुकोजींच्या मुलीला, विजयलक्ष्मीला, बघायला आले. मुलगा तिच्याच कॉलेजातला, तिला मनापासून आवडलेला. तिकडे घराची पारख होते ती कॉफीवरून, म्हणून कनकाबाईंनी पाहुण्यांच्या डब्यातली पूड पितळी फिल्टरमध्ये सढळ हातानं घातली. तुकोजी बाहेर गप्पांत रंगलेले. डबे आठवले तेव्हा विजया पेले घेऊन समोर उभी होती, पाहुण्यांना कॉफी आणि वडिलांना त्यांचा रोजचा 'काढा'.

आरामखुर्ची भरून बसलेल्या अमरसिंहरावांनी मोठा घोट घेतला. त्यांचे कान लाल झाले, डोळ्यांना धारा लागल्या.

"ऐयो! ही कापी? आणि तुमच्या पेल्यातून खऱ्या कापीचा वास कसा येतोय?"

कनकाबाईंनी नवऱ्याच्या पेल्यातलं चाखलं आणि कपाळाला हात लावला. विजयाचा चेहरा रडवेला झाला. दुकानदारानं फसवलं म्हणून सांगावं, असं तुकोजींच्या जिभेवर आलं होतं, पण पोरीकडे पाहून ते ताडकन उठले.

"मी बदलले डबे! बायको-पोरीचा काडीचा दोष नाही. मला काय बोलायचं ते बोला. पण कापी सोडणार नाही, म्हणजे नाही!" आणि उरलेली कॉफी त्यांनी सगळ्यांदेखत घटाघट पिऊन टाकली.

धनलक्ष्मीबाई मात्र आपला पेला चवीनं संपवत होत्या. "कुळीथ ना हा? मुलीला करता येतो?"

"येतो की," कनकाबाई चाचरत म्हणाल्या.

"मग मुलगी पसंत! आमच्या ह्यांचं पोट बघताय ना? सून आली की रोज सकाळी हाच काढा. कापी बंद!"

अमरसिंहरावांचं तोंड पाहवेना. विजया त्यांच्या पाया पडली आणि उठता उठता हळूच म्हणाली,

"मामंजी, घाबरू नका. डबे मी बदलीन."