मस्कतच्या शुक्रवारी वारलेले मामा

मजकुरातली चूक मला मजकूर वाचण्याआधी दिसते! सांगलीतल्या एका दैनिकाची रविवारची पुरवणी मी सांभाळत होतो, तेव्हा भले भले लेखक मला दबकून असत. अपवाद माझे साडू शंभूराज. ते मस्कतला इंजिनिअर. आपण सकाळी दात घासतो हीसुद्धा गावाकडच्यांना बातमी वाटेल, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

सत्त्याण्णव साली आमच्या संपादकांनी परदेशातल्या पालकांचं सदर काढलं. कुटुंबाचा आठवडा कसा जातो आणि सुट्टीत काय वाचता, एवढंच लिहायचं. पहिला मान साडूंना मिळाला. त्यांचा फॅक्स यंत्रातून सापासारखा निघत राहिला. शनिवारी मुलांची शाळा. रविवारी मुलीचं पोहणं. सोमवारी मुलाचं न पोहणं. बुधवारी बायकोचं, शिवांजलीचं, थालीपीठ आणि त्यावर शेजारच्या केरळी कुटुंबाचं मत. माझ्या मेव्हणीचं थालीपीठ मी खाल्लेलं आहे. केरळी माणसं फार सभ्य असतात.

शुक्रवारची सुट्टी मात्र वाचनाची. ग्रंथबिंथ नव्हे. सासूबाई आटपाडीहून शेंगदाण्याची चटणी पाठवत, ती ज्या वर्तमानपत्रांत बांधलेली असे तेच कागद. साडू ते तेल टिपून, इस्त्री फिरवून, बायकोमुलांना गोल बसवून मोठ्याने वाचत. शेवटी लिहिलं होतं, ‘गेल्या शुक्रवारी आपल्याच अंकात हंबीररावमामा गेल्याचं वाचलं. फेट्यातला फोटो पाहून घास उतरेना. असा मायाळू, सढळ हाताचा माणूस पुन्हा होणे नाही.’

हंबीरराव हे आमच्या दोघांच्या बायकांचे मामा, मुक्काम औंध. मायाळू हा शब्द त्यांच्या आसपास मी पहिल्यांदाच पाहत होतो. पाहुण्याच्या चहात हा माणूस साखर स्वतः घालायचा, म्हणजे न घालायचा, आणि साखर कारखान्याच्या संचालकपदाला दर खेपेला उभा राहून पडायचा. येत्या रविवारीच पुन्हा मतदान होतं. मामा पडण्याआधीच सुटले, असं माझ्या मनात आलं.

खात्री करायला आटपाडीला एक फोन पुरला असता. बायको तिथेच माहेरी गेली होती. पण मी जावई होतो. मामेसासरे गेल्याची बातमी मला साडूच्या फॅक्सवरून कळावी? मस्कतला कळते आणि सांगलीला कळत नाही? मी रुसलो. ते सांगतील तेव्हा सांगतील, आपण विचारायचं नाही, असं ठरवलं. शिवाय बातमी आमच्याच अंकात आलेली. आपल्याच अंकावर अविश्वास कसा दाखवायचा? मी साडूंची दोन विशेषणं छाटली, ‘मायाळू’ मात्र जागा भरायला ठेवलं, आणि पान सोडलं.

रविवारी सकाळी बायकोचा फोन आला. मामा धडधाकट होते. साडूंनी वाचली ती मामांच्या वडिलांच्या निधनाची जुनी जाहिरात होती. फेटा तोच, मिशा त्याच. वरचं नाव चटणीच्या तेलात गेलेलं आणि खाली शोकाकुल म्हणून मोठ्या अक्षरांत हंबीरराव. इतका जुना अंक सासूबाईंकडे कसा, असं मी जरबेनं विचारलं.

“तुम्हीच त्या वेळी गठ्ठा आणून टाकला होता,” बायको म्हणाली. “आईला अजून पुरतोय.”

खुलासा लिहून मी औंधची एसटी धरली. वाटेतल्या गावांत कारखान्याचे सभासद मतदानाच्या रांगेत उभे होते. एका रांगेत आमची पुरवणी हातोहात फिरत होती आणि दोन म्हातारे डोळे पुसत होते. मतदान थांबवायला अधिकाऱ्याला मृत्यूचा दाखला लागतो, आणि साडूंचं थालीपीठ हा दाखला होत नाही. त्यामुळे मतं पडत होती. मृत उमेदवाराला कोण मत देणार? या खेपेच्या पराभवाचं खापर माझ्याच डोक्यावर फुटणार होतं.

मामांच्या दाराला बाहेरून कडी होती आणि कडीपुढे मामी बनुबाई पाट टाकून बसल्या होत्या. आतून मामा दार बडवत होते. गावोगाव जीप फिरवून आपण जिवंत असल्याचं दाखवायला त्यांना जायचं होतं. मी मामींना हात जोडले आणि खुलासा पुढे केला.

“ऱ्हाऊ द्या, पावणं,” मामी म्हणाल्या. मग दाराकडे तोंड करून, “आवं, चार डाव तोंड दाखवून पडलासा. यंदा न दाखवता बगू.”

मामा निवडून आले. तेही पॅनेलमध्ये सर्वांत जास्त मतांनी! आयुष्यभर बांधावरून भांडलेल्या माणसांनीसुद्धा, बिचाऱ्याची इच्छा राहिली म्हणून, त्यांच्या चिन्हावर शिक्का मारला होता.

निकालाच्या संध्याकाळी मी खुलासा वाचून दाखवला. ‘श्री. हंबीरराव हयात असून सदर लेखातील मजकूर सर्वस्वी चुकीचा आहे.’ गुलालानं माखलेले मामा डोळे मिटून ऐकत होते. मग पुरवणी माझ्यापुढे सरकवून त्यांनी ‘मायाळू’वर बोट ठेवलं.

“पावणं, सर्वस्वी कशापाई?” ते म्हणाले. “मेलो तेवढंच चुकीचं म्हना. बाकी बराबर हाय.”

माझ्या अचूक कारकिर्दीतला तो एकमेव खुलासा मामांच्या दुरुस्तीसह छापून आला.