चुकीच्या इसमावर बजावणी

अलिबागच्या कोर्टात बेलिफ म्हणून रत्नपालभाऊंनी सारी नोकरी काढली होती. समन्स घेऊन गेलं की माणूस कसा गायब होतो, त्याची बायको "हे मुंबईला गेलेत" कशी सांगते आणि नेमका त्याच वेळी माळ्यावर खोकला कसा येतो, हे त्यांना तोंडपाठ होतं. त्यामुळे स्वतःच्याच घरात दार लोटून, पडदा ओढून ते बायकोच्या ब्लडप्रेशरच्या मशीनचा पट्टा दंडाला गुंडाळायला बसले, तेव्हा आपण काय करतोय याची त्यांना पुरेपूर जाणीव होती.

मशीन आरोग्य उपकेंद्रातल्या मनाली सिस्टरने दिलं होतं. पट्टा दंडाला, मोबाइल समोर. मोबाइलमधली बाई मराठीत आकडा सांगायची आणि तोच आकडा तालुक्याच्या डॉक्टरांकडे धाडायची. "काकी, वाचता येत नसलं तरी काळजी नको," मनाली म्हणाली होती, "हे बोलतं." धोंडूबाईंना ते फार आवडलं. रत्नपालभाऊंनी मात्र त्याच दिवशी सगळ्या आळीसमोर जाहीर केलं होतं, "मी जन्मात डाक्टरची पायरी चढलो न्हाय. ही असली खेळणी बायकांना."

आता चार दिवस डोकं जड होतं आणि न्हाणीघरातून येताना भिंत धरावी लागत होती. धोंडूबाई म्हावरं आणायला बाजारात गेल्या होत्या. अशी संधी पुन्हा कधी मिळणार होती?

पट्टा फुगला, दंड आवळला, सुटला.

"धोंडूबाई, आपला रक्तदाब अतिशय जास्त आहे. शांत बसून राहा. डॉक्टरांना कळवत आहोत."

"मी धोंडूबाई न्हाय," रत्नपालभाऊ म्हणाले.

"धन्यवाद, धोंडूबाई," बाई म्हणाली.

धोंडूबाई पिशवी घेऊन दारात आल्या, तर मागोमाग अँब्युलन्सही आली. तिच्यातून मनाली सिस्टर उतरली आणि अँब्युलन्सच्या मागे आळी जमली. मनालीने धोंडूबाईंना खुर्चीत बसवून आपल्याजवळच्या मशीनवर ब्लडप्रेशर तपासलं. अगदी नॉर्मल.

"काकी, सकाळी आकडा दोनशेच्या वर गेला होता."

"सकाळी मी बोंबलांचा भाव करत व्हते. मशीनला हातसुद्धा लावला न्हाय."

"मग कोणी लावला?"

"कोणीबी लावतं," धोंडूबाई सहज म्हणाल्या. "आल्यागेल्याला आधी पाणी देते, मग पट्टा, मग च्या. एकटीनंच बांधून बसायचं, बरं दिसतं काय?"

मनाली मटकन ओट्यावर बसली. शेजारच्या तैयबाने प्रामाणिकपणे सांगितलं की ती रोज दुपारी बसते, तिचा आकडा कमी येतो. आळीतला धाकू होडीवरून आला की बसायचा. पोस्टमन बसला होता. दारावर दान मागायला वासुदेव येऊन गेला होता, तोही बसला होता. आणि तालुक्याचे डॉक्टर महिनाभर हे आकडे पाहून धोंडूबाईंची गोळी कधी वाढवत होते, कधी कमी करत होते. थोडक्यात, बाईंचा औषधोपचार आळीच्या सरासरीवर चालला होता.

मनालीने डॉक्टरांना फोन लावला. पलीकडून हुकूम आला की नोंद ज्या नावावर आहे त्या पेशंटला जोरदार गोळी द्या आणि अलिबागला हलवा, विषाची परीक्षा नको.

"पण साहेब, पेशंट ठणठणीत आहे."

"मॅडम, सिस्टीममध्ये धोंडूबाईच आहेत ना?"

सिस्टीममध्ये धोंडूबाईच होत्या. मनालीने आळीकडे पाहिलं. "सकाळी कोण बसलं होतं, सांगा. त्या माणसाच्या जिवाला धोका आहे."

रत्नपालभाऊ खांबाला टेकून उभे होते. खांबाला टेकायचं कारण खांबालाच ठाऊक. कायद्याने पाहता समन्स चुकीच्या इसमावर बजावलं गेलं होतं आणि खरा इसम हजर असून बेपत्ता होता. तैयबाचा नवरा फकरुद्दीन, आखातात जहाजावर नोकरी करून परतलेला गडी, सर्वांत मोठ्याने म्हणाला, "अरे बोला की, कोण मर्द हाय तो?" त्यामुळे बोलणं आणखीच अवघड झालं.

तेवढ्यात मनालीचा फोन पुन्हा वाजला. गोळी दिली का, असं डॉक्टर विचारत होते. धोंडूबाईंनी सिस्टरच्या हातातली गोळी उचलली. "दे बाय. तुझी नोकरी जाऊ नये." आणि पाण्याचा तांब्या तोंडाशी नेला.

"थांब," रत्नपालभाऊ म्हणाले. "ती धोंडूबाई मी हाय."

फकरुद्दीन इतका हसला की त्याला उभं राहवेना. धोंडूबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी गोळी परत दिली, नवऱ्याचा हात धरला आणि त्यांना अँब्युलन्समध्ये चढवलं. "चार दिवस भिंत धरून चालताय," त्या हळूच म्हणाल्या, "मला वाटलं, गुडघे असतील."

अलिबागच्या डॉक्टरांनी सांगितलं, अजून दोन दिवस उशीर झाला असता तर अंगावरून वारं गेलं असतं. रत्नपालभाऊंनी आयुष्यात प्रथमच कुणा डॉक्टरला हात जोडले.

घरी आल्यावर मनाली भेटायला आली. "काका, आता सुधारणा करायला सांगितलीय. मशीन आधी नाव विचारणार."

रत्नपालभाऊंनी कोनाड्यातल्या मशीनकडे पाहिलं. "पोरी, नाव इचारलं असतं तर मी बसलोच नसतो. बायकोच्या नावावर व्हतं म्हणून धीर झाला. माझा जीव तुमच्या चुकीनं वाचला, ती सगळी काढून टाकू नका."

मनालीने हे वर कळवलं आणि आश्चर्य म्हणजे वरच्यांनी ऐकलं. आता मशीन विचारतं, "कोण बसलंय?" मग आळीतली नावं एकेक सांगतं आणि शेवटी म्हणतं, "पाहुणे." पाहुण्यांना नाव विचारत नाही. आकडा जास्त आला तर फक्त एवढंच विचारतं की सिस्टरला बोलवू का. धोंडूबाईंची गोळीही आता एका जागी स्थिर आहे.

परवा रत्नपालभाऊ घरी एकटेच असताना फकरुद्दीन आला. त्या दिवसापासून तो त्यांना भर धक्क्यावर धोंडूबाई म्हणूनच हाक मारत होता. आज मात्र आवाज खाली होता.

"भाऊ, वाटीभर साखर हाय काय? तैयबानं मागितलीय."

बोलताना त्याची नजर कोनाड्यातल्या मशीनवर होती आणि एक हात भिंतीला होता.

"साखर आत कुठंतरी असंल," रत्नपालभाऊ म्हणाले. "तू बस, सवडीनं शोध. मी तोवर माडाला पाणी घालून येतो."

ते बादली घेऊन अंगणात गेले. मागून दार लोटल्याचा आवाज आला, मग थोड्या वेळाने मोबाइलमधल्या बाईचा.

"नमस्कार, पाहुणे."

पहिला माड भिजून झाला होता. रत्नपालभाऊंनी बादली पुन्हा भरली आणि कुंपणाजवळच्या, सर्वांत लांबच्या माडाकडे सावकाश चालू लागले.