उद्या पुंजारामबाबांकडे

"चूक माणसाच्या हातून होते, सूत्राच्या हातून नाही!" विहारातल्या बैठकीत सुमेधानं सगळ्यांसमोर जाहीर केलं आणि चष्मा नाकावर वर सारला.

बदनापूरच्या त्या वस्तीत एम.एस्सी. झालेली ती एकटीच. शाळेत विज्ञान शिकवायची. बोलायची कमी, पण जे बोलायची ते पाठ्यपुस्तकातल्या चौकटीतल्या वाक्यासारखं, खाली रेघ मारून ठेवावं असं. यंदा विहार समितीचं सचिवपद तिच्याकडे आलं होतं आणि तिनं पहिला घाव घातला तो पुंजारामबाबांच्या यादीवर.

आषाढी पौर्णिमेपासून तीन महिने, वर्षावासात, वस्तीत रोज संध्याकाळी एकेका घरी ग्रंथवाचन व्हायचं. वंदना, एक प्रकरण, आणि शेवटी त्या घरची खीर. घरं एकतीस, म्हणजे महिन्यानं पाळी पुन्हा फिरून यायची. कोणाचा दिवस कोणता, हे गेली सव्वीस वर्षं पुंजारामबाबा ठरवत आले होते. पाठकोरा कागद, बोटभर उरलेली पेन्सिल आणि खोडाखोड एवढी, की कागदापेक्षा खोडलेलंच जास्त. गेल्या वर्षी तर त्यांनी एका घराला चक्क एकतीस सप्टेंबर ही तारीख दिली होती!

"बाबा, सप्टेंबरचे दिवस तीसच असतात," सुमेधा म्हणाली होती.

"असू दे की. खीर तर झाली ना?"

असल्या उत्तरापुढे विज्ञान काय करणार? सुमेधानं त्याच दिवशी ठरवलं, की ही यादी आता माणसाच्या हातात ठेवायची नाही.

पौर्णिमेच्या सकाळी, गुरुवारी दहा जुलैला, तिनं लॅपटॉप उघडला. एका रकान्यात घरांची नावं. पहिलं स्वतःचं, कारण सचिवानं सुरुवात करायची. दुसरं पुंजारामबाबांचं, कारण त्यांची लेक सत्यशीला शहागडहून खास वाचनासाठी आली होती आणि सोमवारी सकाळी परत जाणार होती. सहा वर्षांनी लेक माहेरी, आणि तिच्या हातची खीर वस्तीला द्यायची म्हणून म्हातारा आठ दिवस हवेत होता. दुसऱ्या रकान्यात तारखा. त्या काय एकेक टाइप करायच्या? छे! दुसऱ्या चौकोनात तिनं सूत्र लिहिलं : वरची तारीख अधिक एक. मग चौकोनाचा कोपरा धरून खाली ओढला. सर्रकन तारखा खाली उतरल्या, शाळेतल्या कवायतीत पोरं कधी उभी राहत नाहीत इतक्या सरळ रांगेत! जुलै एकतीसला थांबला, ऑगस्ट आला, आणि सप्टेंबर तिसाव्या दिवशी मुकाट्यानं संपला.

सगळ्यात वरची, पहिली तारीखसुद्धा तिनं हातानं टाकली नाही. हातानं लिहिणं हा पुंजारामबाबांचा मार्ग. तिथंही तिनं एक तयार सूत्रच बसवलं. दहा जुलै अशी तारीख लगेच उमटली.

एक प्रत छापून तिनं फ्रिजवर चिकटवली. फाइल वस्तीच्या ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं : "यापुढे कोणीही स्वतःचे डोके लावू नये. रोज फाइल उघडावी व आजच्या तारखेपुढचे नाव पाहावे."

पहिला दिवस उत्तम झाला. तिची सासू केशरबाई खिरीला नावाजलेली. लोकांनी वाट्या चाटूनपुसून ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुमेधा शाळेतून आली, तर दारात चपलांचा ढीग! आत सतरंजी अंथरलेली, माणसं बसलेली, आणि चुलीवर पुन्हा पातेलं.

"आई, हे काय?"

"मानसं आल्ते. बसवले."

"अहो, आज पुंजारामबाबांकडे आहे!"

"मंग तू सांग त्यान्ला. माह्या दारातून मी कुनाला माघारी धाडत न्हाई."

सुमेधानं फ्रिजवरचा कागद पाहिला. अकरा जुलै, पुंजाराम. स्वच्छ, ठळक अक्षरात. कागद बरोबर, म्हणजे माणसं चूक. आणि माणसं का चुकली, हे कळायला एम.एस्सी. लागत नव्हती. कालची खीर जिभेवर रेंगाळत होती, दुसरं काय! मोसंबीच्या बागेची वाट एकदा कळली, की शेळी दुसऱ्या दिवशी पत्ता विचारत नाही.

"ताई, आज वेलदोडा जरा कमी पडला का हो?" शेजारची भावना वाटी पुढं करत म्हणाली.

सुमेधानं ओठ मिटून तिच्या वाटीत अर्धी पळी खीर घातली. धर्मग्रंथ ऐकायला यायचं आणि वेलदोडे मोजायचे! आता हिला काय सांगायचं?

तिसऱ्या दिवशी पन्नास माणसं आली. शेजारच्या वस्तीतूनही दहा-बारा होती. वाचन करणाऱ्या भारतनं ग्रंथ मिटला आणि घसा खाकरला.

"उपासक-उपासिकांनो, सुमेधाताईंनी सलग तिसऱ्या दिवशी खीरदान केलं. आमच्या ऐकण्यात असं दान पहिलंच! जोरदार टाळ्या!"

"खरं तर आज..." सुमेधा म्हणाली.

टाळ्या कडाडल्या. केशरबाईंची मान ताठ झाली. "माही सूनच तशी हाय," त्या म्हणाल्या. टाळ्या पुन्हा कडाडल्या. हातात पळी धरून सुमेधा उभी होती. इतक्या माणसांना एकदम खादाड म्हणायचं, तर त्यासाठी लागणारा आवाज तिच्याकडे नव्हता.

तिनं ग्रुपवर लिहिलं : "सर्वांनी यादी पुन्हा एकदा नीट पाहावी."

सर्वांनी नीट पाहिली. आणि रविवारी सगळे तिच्याकडे पंधरा मिनिटं आधीच आले!

त्या दिवशी तिचा नवरा सुमित डेअरीवरून चौथ्यांदा कॅन भरून आला.

"डेअरीवाला विचारून राह्यला, घरात लगीन हाय का म्हनून. काय सांगू?"

"सांगा, मूर्खांचं संमेलन आहे," सुमेधा दात आवळून म्हणाली. "साधी तारीख वाचता येत नाही यांना. एकाला नाही, पन्नास जणांना! आणि हातात फोन बघा केवढाले!"

एवढ्यात दारात पुंजारामबाबा उभे राहिले. मागं सत्यशीला. बाबांनी चपला काढल्या नाहीत.

"सुमेधाबाई," बाबा म्हणाले, "समदं पुन्य एकटीच घेऊन राह्यली का तू? आमच्या वाट्याला काय ठेवशील का न्हाई?"

सुमेधाच्या कपाळाची शीर उठली. चार दिवस चमचे घासून घासून हाताला घट्टे पडायची वेळ आली होती, आणि वर हा आरोप! ती स्वयंपाकघरात गेली, फ्रिजवरचा कागद उपटून आणला आणि बाबांच्या समोर धरला.

"वाचा. अकरा जुलै, पुंजाराम. तुमचा दिवस परवाच होऊन गेला. खीर तुम्हीच केली नाहीत!"

"दूध घेऊन बसल्तो की! ह्या पोरीच्या फोनात पाह्यलं तर अकराला लिवलेलं, उद्या पुंजाराम. म्हटलं, उद्या तर उद्या. बाराला पाह्यलं, पुन्हा उद्या पुंजाराम. काल उद्या, आज बी उद्या! तीन दिवस दूध आटवून आटवून त्याचा पेढा व्हायला आला. मला वगळायचंय तर तोंडावर सांग, असं खेळवती कशाला?"

"दाखवा तो फोन," सुमेधा म्हणाली. फोनची काच तडकलेली होती. असल्या फोनमध्ये तारीख सरळ दिसेल तरी कशी? तिनं दोन बोटांत तो उंदीर धरावा तसा धरला आणि यादीचा पहिला चौकोन दाबला.

तेरा जुलै, सुमेधा. दुसरा चौकोन, चौदा जुलै, पुंजाराम.

आणि वरच्या पट्टीत तिनं स्वतः बसवलेलं सूत्र : टुडे.

टुडे म्हणजे आज. म्हणजे फाइल ज्या दिवशी उघडाल तो दिवस. दहाला उघडली तर दहा, तेराला उघडली तर तेरा. आणि खालच्या सगळ्या तारखा 'वरची अधिक एक' म्हणत पहिलीच्या मागं रोज एकेक पाऊल सरकत होत्या. पन्नास माणसांनी तिचं तंतोतंत ऐकलं होतं. रोज फाइल उघडली होती, आजच्या तारखेपुढचं नाव पाहिलं होतं, आणि स्वतःचं डोकं अजिबात लावलं नव्हतं! छापलेल्या कागदावर विसंबून फाइल पुन्हा न उघडणारी वस्तीत एकच व्यक्ती होती.

"हा फोन बिघडला का हो ताई?" भावनानं विचारलं.

हो म्हटलं असतं तर संपलं असतं. तडकलेली काच पुराव्याला होतीच. सुमेधानं बाबांकडे पाहिलं. ते फोनकडे नाही, तिच्याकडे बघत होते.

"माझी चूक झाली," ती म्हणाली.

"काय?" पहिल्या रांगेतून आवाज आला.

"चूक झाली. माझी."

"ऐकू न्हाई आलं, ताई!"

भारतला पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं. त्यानं ते ग्रंथवाचनाच्या खणखणीत आवाजात सगळ्यांना सांगितलं, "ताई म्हनतात, त्यांचीच चूक झाली!" मागं बसलेल्यांसाठी त्यानं ते पुन्हा एकदा सांगितलं.

"मंग आज बराबर कोनाचा दिवस?" कोणीतरी विचारलं.

सुमेधानं कागद पाहिला. "भावनाचा."

"अगं बया!" भावना ताडकन उठली. "माह्या घरी चहापुरतं दूध हाय!"

"आन् बाबांचा नंबर?"

"अकरा ऑगस्ट." सवयीनं तिच्या तोंडून अचूक उत्तर निघून गेलं.

सत्यशीला हळूच म्हणाली, "मी उद्या सकाळच्या गाडीनं चालले."

बाबा वळले आणि पायरी उतरू लागले.

"थांबा वो बाबा!" केशरबाईंनी पदर कमरेला खोचला. "ऊठ सुमित, सतरंजी गुंडाळ. भारत, ग्रंथ घे. समदे चला बाबाच्या घरी! यादीत काय का लिवलेलं असंना, आज त्यायचा दिवस."

"हे पातेलं?" सुमितनं विचारलं.

"ऱ्हाऊ दे तिथंच. आज आपल्या खिरीला कोन विचारतं?"

गर्दी चार गल्ल्या ओलांडून पुंजारामबाबांच्या अंगणात गेली. सत्यशीलाची खीर चमच्यानं खायची नव्हती, कापून वाटायची होती. बाबा दारात उभे राहून येईल त्याला "या, या" म्हणत होते. सुमेधा शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकून बसली. बाबा तिच्यापाशीही थांबले. "तू बी ये पुढं," म्हणाले. ती पुढं सरकली नाही.

भारतनं ग्रंथ उघडला. सुरुवातीला तिथीवार सांगायची त्याची पद्धत होती.

"आज दिनांक..." तो अडखळला आणि त्यानं सवयीनं सुमेधाकडे पाहिलं.

"तेरा जुलै. रविवार," ती म्हणाली. शांतपणे, स्पष्ट, नेहमीसारखं.

भारतनं मान डोलावली. मग भावनाकडे झुकून तो कुजबुजला, "तेराच हाय ना? बघ बरं जरा."

भावनानं मोबाइल काढला. तिच्याबरोबर आणखी अकरा जणांनी काढला.

तेराच होती.