थोरली सध्या बाहेर आहे

माझ्या नवऱ्यापासून एखादी गोष्ट लपवणं हा माझ्या हातचा मळ आहे! कपाळावर चढवलेला चष्मा जो माणूस फ्रिजमध्ये शोधतो, त्याच्यापासून लपवायला बुद्धी ती कितीशी लागणार? आणि मी चष्म्याचं दुकान चालवते हो! कुणाला किती दिसतं आणि कुणाला किती दिसत नाही, हे मला नुसतं चालण्यावरून कळतं. तेव्हा एक आख्खी मोटरसायकल मी त्याच्या डोळ्यांदेखत गायब करून दाखवणार होते. करूनही दाखवली. पुढचं ऐका!

माझ्याकडे तीन मोटरसायकली आहेत. थोरली, मधली आणि धाकटी. कुणाला दागिन्यांचा शौक असतो, कुणी कपबशा जमवतं, मी हे जमवते. मधली रोज दुकानात जायची. धाकटी नवीकोरी. तिच्यासाठी मी शोरूमच्या काचेपाशी इतक्या वेळा उभी राहिले की तिथला विक्रेता मला बघितलं की न विचारता चहा मागवायला लागला.

पण थोरलीची गोष्टच वेगळी! माझ्या पहिल्या नोकरीच्या पगारातून मी ती घेतली, तेव्हा ती मोटरसायकल नव्हतीच. तीन पोती होती. एका पोत्यात इंजिन, दुसऱ्यात चाकं, तिसऱ्यात "बाकीचं काय काय आहे ते बघा बाई" असं म्हणून मेकॅनिकनं भरलेला माल. वर्षभर रोज संध्याकाळी त्याच्या शेजारी बसून मी ती जोडली. तिला बटण नाही, किक मारावी लागते, आणि तीही तिची मर्जी बघून. वीस वर्षं झाली. नवरा नंतर आला.

तर धाकटी घ्यायची ठरली तेव्हा नवऱ्यानं अट घातली. तो शाळेत भूमिती शिकवतो, त्यामुळे आमच्याकडे भांडणसुद्धा वहीत लिहून घेता येईल असं होतं.

"पक्ष," तो म्हणाला, "आपल्याकडे पार्किंगच्या जागा दोन. साध्य, मोटरसायकली दोन. म्हणून धाकटी आली की थोरली जाणार. मान्य?"

"मान्य!" मी म्हणाले. धाकटीसाठी त्या वेळी मी काहीही मान्य केलं असतं.

आणि मग खाली पार्किंगमध्ये गेले, थोरलीच्या टाकीवर हात ठेवला आणि मला रडू फुटलं. माझ्या लग्नात सगळे रडले, मी नव्हते रडले. तिथे मात्र मुसमुसून रडले. हिला मी विकणार नाही, मग जगबुडी झाली तरी बेहत्तर!

आमच्या समोरच्या घरात ग्रंथपालकाका राहतात. चाळीस वर्षं ग्रंथालयात काढून निवृत्त झालेले, एकटे, आवाज इतका हळू की फोनवर लोक "हॅलो, हॅलो" करत बसतात. गाडी सोडा, त्यांनी आयुष्यात कधी सायकलही घेतली नव्हती. त्यामुळे त्यांची पार्किंगची जागा कायम रिकामी.

"काका, दोन दिवस माझी गाडी तुमच्या जागेत ठेवू?"

"ठेव की. परत न्यायची तारीख कोणती?"

तारीख! त्याच क्षणी मी सावध व्हायला हवं होतं. पण मी कसलीतरी तारीख ठोकून दिली, थोरलीवर जुनी चादर टाकली आणि नवऱ्याला सांगितलं, "शोरूमला बदल्यात दिली." तो बिचारा इतका विरघळला की त्यानं मला चहा करून दिला. साखरेऐवजी मीठ घालून, पण दिला.

चौथ्या दिवशी तो धापा टाकत वर आला.

"अगं, चमत्कार! आपली थोरली खाली उभी आहे! काका तिला ब्रशनं पुसतायत!"

काकांना धूळ बघवत नाही. पुस्तकं झटकायचा मऊ ब्रश घेऊन ते चादरीखाली शिरले असणार. आता संपलं सगळं! मी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात नवराच पुढे म्हणाला, "काकांनी शोरूममधून विकत घेतली असणार! या वयात! काय हौस म्हणायची!"

मी तोंड मिटलं. समोरच्यानं आयतं उत्तर हातात ठेवल्यावर प्रश्न उकरून काढणारी मी कोण?

नवरा खाली जाऊन काकांचा हात दहा मिनिटं हलवत राहिला. मग आमच्या इमारतीच्या सेक्रेटरीबाईंनी अभिनंदन केलं. मग पहिल्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या ताईंनी सीटला कव्हर शिवून देऊ का विचारलं. संध्याकाळी माझी बेल वाजली. दारात काका.

"मी खोटं बोलत नाही," ते कुजबुजले. "कुणी विचारलं, ही गाडी तुमची का, तर मी नाही म्हणणार."

"मग विचारलं का कुणी?"

"तेच तर! कुणी विचारतच नाही! सगळे अभिनंदन करतात! अभिनंदनाला नाही कसं म्हणायचं?"

"मग गप्प राहा ना काका. तुम्हाला काय अवघड आहे?"

"गप्प राहीन. पण लोक म्हणतायत, काका चालवणार. आणि मला चालवता येत नाही. म्हणजे माझं वागणं खोटं झालं." त्यांनी खूप विचार केलेला दिसत होता. "यावर एकच उपाय आहे. मला शिकव."

मी हसले. तेवढ्यात मागून नवरा म्हणाला, "अगं, शिकव की काकांना! तेवढंच तुलाही थोरलीवर बसायला मिळेल!"

आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन! माझीच मोटरसायकल, माझ्याच नवऱ्याच्या परवानगीनं, दर रविवारी चालवायची! त्या रात्री मी इतकी खूश होते की त्याच्या मीठ घातलेल्या चहाचंही कौतुक केलं.

रविवारी बंद पडलेल्या गिरणीच्या आवारात आमचा वर्ग सुरू झाला. मला वाटलं होतं, काका दोनदा धडपडतील, गुडघे फोडून घेतील आणि विषय संपेल. पण मी एक गोष्ट विसरले होते. काका वाचून आले होते! थोरलीची माहितीपुस्तिका, सगळीच्या सगळी पानं, तळटिपांसकट. ती मी वीस वर्षांत उघडलीही नव्हती.

"तू चोक आधी ओढतेस," ते म्हणाले. "पान अठरावर लिहिलंय, आधी दोन किक हळू, मग चोक."

"काका, मी वीस वर्षं हिला—"

काकांनी दोन किक हळू मारल्या, चोक ओढला, तिसरी किक मारली. थोरली सुरू! लोण्यासारखी! माझ्यासाठी तिनं कधी सातव्या किकेच्या आत डोळे उघडले नव्हते! घरच्या माणसांना किंमत नसते, हेच खरं.

दोन महिन्यांत काकांनी परवाना काढला. चाचणी घेणाऱ्या साहेबांना त्यांनीच तीन नियम समजावून सांगितले म्हणे. आता ते दुपारी थोरलीवरून भाजी आणायला जाऊ लागले. चालत गेले असते तर लवकर पोचले असते, पण तो मुद्दा नाही. चेहऱ्यावर असं तेज आलं होतं की मला गाडी परत मागवेना.

एका गुरुवारी मी किल्ली मागायला गेले, तर काकांनी खणातून एक कार्ड काढलं. चक्क पिवळं, रेघा आखलेलं!

"हे काय?"

"नोंद. नेण्याची तारीख, आणण्याची तारीख, सही. अगं, कुणीही येऊन नेतंय, टाकीत पेट्रोल किती, काही शिस्तच नाही."

"कुणीही म्हणजे? तुम्ही आणि मी!"

काका कार्डाकडे बघत राहिले. मी मान वाकडी करून वाचलं. माझ्या आणि त्यांच्या नोंदींच्या मध्ये दर बुधवारी तिसऱ्याच कुणाची तरी बारीक, वाचता न येणारी सही होती!

"हे बुधवारवालं कोण आहे, काका?"

"वाचकांची नावं आम्ही दुसऱ्या वाचकाला सांगत नाही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझी थोरली बुधवारी कुणा परक्याच्या मांडीखाली! मला सेक्रेटरीबाईंचा संशय आला. त्या हल्ली शिट्टी वाजवत जिना चढायच्या. मी तीन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. घरी नवऱ्याला सांगावं, तर सांगणार काय? त्यात त्याच्या उजव्या पोटरीला कसलासा चटका बसला होता, आणि तो "इस्त्री लागली" म्हणत मलम चोळत बसला होता. पोटरीला इस्त्री कशी लागते, हे बायको म्हणून मी विचारायला हवं होतं. पण माझं डोकं त्या बुधवारात अडकलेलं!

आणि मग तो शनिवार आला. आम्ही पाच मोटरसायकलवाल्या बायका आहोत. एक जनावरांची डॉक्टर, एक पाव भाजते, दोघी बँकेत, आणि मी. वर्षातून एकदा, ठरलेल्या रविवारी, आम्ही धरणापर्यंत जातो. मी दरवर्षी थोरलीवरूनच जाते. एकही वर्ष चुकलेलं नाही. धाकटीच्या वेळी नवऱ्याला शब्द दिला तेव्हा खरं तर मला पहिला हाच रविवार आठवला होता.

शनिवारी संध्याकाळी मी पार्किंगमध्ये काकांना गाठलं. ते थोरलीचे आरसे पुसत होते.

"काका, उद्यासाठी किल्ली द्या."

"उद्या थोरली बाहेर आहे."

"बाहेर म्हणजे? मला हवी आहे!"

"आधी नोंद झाली आहे. आठ दिवसांपूर्वी."

"काका! गाडी माझी आहे!" मी ओरडले. पार्किंगमध्ये आवाज असा घुमला की वरच्या दोन खिडक्या उघडल्या. "माझी! मी विकली नाही, बदल्यात दिली नाही, कुणाला दिलीच नाही! मी खोटं बोलले! तीन पोत्यांतून काढलीय मी हिला!"

मागे काहीतरी पडलं. वळून बघते तर नवरा. हातातली वह्यांची पिशवी त्याच्या पायावर पडली होती.

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी सगळं सांगून टाकलं. सांगताना रडले, नाक पुसलं, पुन्हा रडले. "तू म्हणशील ते कर," मी म्हणाले, "पण हिला घालवू नकोस रे. मला नाही जमणार."

नवऱ्यानं घसा खाकरला. फळ्यासमोर उभा राहिल्यासारखा.

"पक्ष, तू शब्द दिला होतास. थोरली अजून तुझीच आहे, म्हणजे शब्द मोडला. म्हणून थोरली आता विकावी लागणार. हेच सिद्ध—"

आणि तो मध्येच थांबला. मी त्याला सिद्धता अर्धी सोडताना कधी पाहिलं नव्हतं.

"काय सिद्ध?" मी विचारलं.

"नाही विकता येणार," तो हळूच म्हणाला.

"का?"

"मग मी बुधवारी काय करू?"

वरच्या खिडकीतून कुणीतरी हसलं. मी त्याच्या पोटरीकडे बघितलं. इस्त्री म्हणे! सायलेन्सरचा चटका मी डोळे मिटून ओळखला असता, पण नवऱ्याच्या पायाकडे बघतं कोण?

"आणि उद्याची नोंदही तुझीच?"

"हो. तुझी आठवण... म्हणजे, तुला थोरलीची आठवण येत असेल ना, असं वाटलं. तुझ्या मैत्रिणी पुढे, तू धाकटीवर, आणि मागून मी थोरलीवर येऊन तुला चकित करणार होतो. काकांनी महिनाभर सराव करून घेतला माझ्याकडून."

मला त्याच्या गळ्यात पडावंसं वाटलं. पडलेही. पार्किंगमध्ये, सेक्रेटरीबाईंच्या देखत! मग डोळे पुसून मी काकांकडे वळले. "चला, झालं गेलं. द्या आता किल्ली."

काकांनी कार्डावर मायेनं, स्वच्छ अक्षरात लिहिलं, "मूळ मालक", आणि पुढे माझं नाव. मग किल्ली नवऱ्याच्या हातात दिली.

"कार्ड मास्तरांच्या नावावर आहे," ते म्हणाले. "नियम सगळ्यांना सारखा."

दुसऱ्या दिवशी आम्ही धरणावर गेलो. चौघी मैत्रिणी केव्हाच पुढे निघून गेल्या. नवरा तीसच्या वर जायला तयार नव्हता, आणि त्याला मागे टाकून जायला माझं मन तयार नव्हतं. एका दूधवाल्याच्या सायकलनं आम्हाला दोनदा मागे टाकलं. दुसऱ्यांदा का, ते आम्हालाही कळलं नाही. पण खरं सांगू? वीस वर्षं मी थोरलीवर बसले, पण ती रस्त्यानं जाताना मागून कशी दिसते, हे मी कधी बघितलंच नव्हतं! इतकी देखणी दिसते हो!

परतल्यावर तरी मला चालवायला मिळावी म्हणून मी आल्या आल्या काकांकडे नाव नोंदवलं. सेक्रेटरीबाई आणि शिवणकामवाल्या ताईंनी सकाळीच नंबर लावलेत. माझा नंबर पुढच्या महिन्यात, तिसरा आहे.