खासदारांचा उजवा हात

त्या सकाळी बाथरूममध्ये साबणाच्या तीन वड्या होत्या. एक नवी, वेष्टनातली. दुसरी अर्धी, साबणदाणीत. तिसरी इतकी झिजली होती की तिच्यातून पलीकडचा उजेड दिसायचा. ती टाकून द्यायला खासदारांच्या पत्नीचा विरोध होता. तिच्या मते त्या वडीत अजून चार दिवस शिल्लक होते. ही तिसरी वडी फरशीवर होती. खासदार आत शिरले तेव्हा फरशी ओली होती आणि त्यांचा चष्मा बाहेर टेबलावर राहिला होता. वडीचे चार दिवस तिथल्या तिथे संपले.

"मनगटाला बारीक चीर आहे," हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरून सांगितलं. "उजवा हात तीन आठवडे प्लास्टरमध्ये. वजन उचलायचं नाही, हात कुठे आपटायचा नाही."

"हळूसुद्धा नाही?" खासदारांनी विचारलं.

"हात हळू तरी कोण कशाला आपटेल?"

"डॉक्टर, माझा तो व्यवसाय आहे."

डॉक्टर हसले. खासदार हसले नाहीत, कारण ते विनोद करत नव्हते.

खासदारांची ही तिसरी टर्म होती. त्यांची भाची भौतिकशास्त्राची पदवी घेऊन, पुढे काय करायचं ते ठरेपर्यंत, मामांच्या कार्यालयात काम करत होती. निवडणूक जवळ आल्यामुळे मामांच्या पंधरा वर्षांच्या कामगिरीचा अहवाल तयार करायचं काम तिच्याकडे आलं होतं. तिने सभागृहाची सगळी कार्यवृत्तं वाचून काढली होती. निष्पत्ती अशी होती: भाषण एक, तेही तिसऱ्या मिनिटाला घंटा वाजल्यामुळे अर्धवट. प्रश्न नऊ, त्यांतले सात एकाच पुलाबद्दल. सहावा आणि सातवा प्रश्न तर पूल बांधून झाल्यानंतरचे. मांडलेली विधेयकं शून्य. हजेरी शहाण्णव टक्के.

सगळं मिळून दीड पान झालं होतं. "मामा, एवढंच आहे का?" तिने बिचकतच विचारलं होतं.

"अक्षरं मोठी कर," मामा म्हणाले होते. "आणि हजेरी सगळ्यांत वर घे. शाळेत हजेरीचं बक्षीस मिळवणारा मुलगा पाहिलायस ना? बाकी कुठलंच बक्षीस न मिळणारा? तो मी."

पण खासदारांचं खरं काम त्या दीड पानात कुठेच आलं नव्हतं. त्यांची जागा पक्षनेत्यांच्या बरोबर मागे होती. नेते भाषण करताना एखादं जोरदार वाक्य टाकून थांबत, तेव्हा पक्षाच्या सदस्यांनी बाकं वाजवायची असत. अडचण अशी होती की नेते वाक्यासाठी थांबलेत, पाणी प्यायला थांबलेत की पुढचा कागद शोधतायत, हे बहुतेकांना कळत नसे. काही जण मोबाइलमध्ये असत, काही डोळे मिटून चिंतनात. त्यामुळे सगळे एकाच आवाजाची वाट पाहत: खासदारांच्या पहिल्या थापेची. ती पडली की मागोमाग उरलेली एकशे चौतीस बाकं वाजत. पंधरा वर्षांत ती एकदाही चुकली नव्हती. सदस्य त्यांना कौतुकाने तालमास्तर म्हणायचे. ते स्वतः म्हणायचे, "थापा सगळेच मारतात. माझ्या निदान ऐकू येतात."

आता उमेदवारांची यादी तीन आठवड्यांवर आली होती आणि पक्षातल्या तीस जणांची तिकिटं कापली जाणार अशी जोरदार चर्चा होती. ती तीस नावं कुठली, हे कोणी उघड बोलत नव्हतं आणि सगळ्यांना माहीत होतं. त्यांत खासदारांचं नाव होतं. त्यांना वाचवेल असा एकच आधार होता: थाप. नेत्यांना तिची सवय झाली होती.

"एवढी वर्षं हात चालवलात," पत्नी म्हणाली, "अधूनमधून तोंड चालवलं असतंत तर आज ही वेळ आली नसती."

"घरात संधी मिळत नाही, तिथे घंटा वाजते," खासदार म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी नेत्यांचं मोठं भाषण होतं. प्लास्टरचं कळल्यावर पक्षाच्या प्रतोदांचा फोन आला. सदस्यांना सभागृहात हजर ठेवणं हे त्यांचं काम. त्यामुळे कोणाच्या दुखण्यावर विश्वास न ठेवण्याची त्यांना सवय होती. डावा हात शाबूत आहे ना, एवढंच त्यांनी विचारलं आणि फोन ठेवला.

मग जेवणाच्या टेबलावर डाव्या हाताचा सराव सुरू झाला. मामी वर्तमानपत्रातली वाक्यं नेत्यांच्या आवाजात वाचायची, मामा थाप मारायचे, आणि भाची मोबाइलवर वेळ मोजायची. वीस प्रयोग झाले. दोन पेले आणि लोणच्याची बरणी खाली आली. भाचीने सरासरी काढली आणि निष्कर्ष सांगितला: डावा हात अर्धा सेकंद उशिरा पडतो.

"सोपं आहे मामा. वाक्य संपायच्या अर्धा सेकंद आधीच हात सोडा. बरोबर जागेवर पडेल."

मामांना हे फार शास्त्रीय वाटलं.

सभागृहात नेते उभे राहिले. पहिली वीस मिनिटं कोरडी आकडेवारी गेली. मग त्यांनी आवाज चढवला. "विरोधक म्हणतात," ते म्हणाले, "की पंधरा वर्षांत या पक्षाने जनतेसाठी काहीही केलेलं नाही—" आणि पुढचा 'पण' उच्चारण्यासाठी त्यांनी श्वास घेतला.

घरच्या टेबलाशी निवांतपणे अर्धा सेकंद मागे राहणारा हात सभागृहात घाबरल्यामुळे भलताच चपळ झाला होता. घर आणि सभागृह यांतल्या परिस्थितीचा हा फरक लक्षात घ्यायला हवा होता, हे भाचीने नंतर मान्य केलं. थाप श्वासात पडली. मागोमाग चिंतनातली, मोबाइलमधली, सगळी एकशे चौतीस बाकं दणाणली. विरोधकांना तर ते वाक्य मुळातच मान्य होतं. त्यांनीही बाकं वाजवली. दोन्ही बाजूंचं असं एकमत आजवर फक्त सदस्यांच्या भत्त्यांवर झालं होतं.

नेते पंधरा वर्षांत पहिल्यांदा मागे वळले. त्यांनी खासदारांकडे पाहिलं, मग प्लास्टरकडे, मग पुन्हा खासदारांकडे.

बाहेर पत्रकार उभेच होते. हाताला काय झालं, त्यांनी विचारलं.

"साबणावरून घसरलो," खासदार खरं तेच म्हणाले.

संध्याकाळी सगळ्या वाहिन्यांवर प्लास्टरभोवती लाल वर्तुळ काढलेलं होतं. साबणावरून घसरलो, असं माणूस केव्हा म्हणतो यावर चार तज्ज्ञ बोलत होते. चौघांचं म्हणणं एकच होतं: खासदार बंड करणार होते, म्हणून त्यांचा हात पिरगळला गेला, आणि तरीही या निधड्या माणसाने डाव्या हाताने आपलं मत नोंदवलं. विरोधी पक्षनेत्यांकडून फुलांचा गुच्छ आला. मतदारसंघातून ओळीने फोन आले. खासदार प्रत्येकाला साबणाची वडी समजावून सांगायचे आणि प्रत्येक जण म्हणायचा, "साहेब, तुम्ही काही बोलू नका. आम्हाला कळलं."

पत्नीच्या धाकट्या बहिणीने तर सरळच विचारलं, "ताई, खरं सांग. हे कोणी केलं?"

वडी टाकू न देणाऱ्या पत्नीला आदल्या दिवसापासून अपराधी वाटत होतं. "एका अर्थी मीच," ती म्हणाली. तासाभरात ही दुसरी बातमी नातेवाइकांत पसरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रतोद घरी आले, ते नेत्यांचा निरोप घेऊनच. साबण सिद्ध करा. पत्रकारांना बोलवा, जागा दाखवा, विषय संपवा.

"दाखवून काय होणार?" भाची म्हणाली. "प्रयोग पुन्हा तसाच करता आला, तरच तो सिद्ध होतो." हे वाक्य ती गेली चार वर्षं ऐकत आली होती आणि वापरायची संधी पहिल्यांदाच मिळाली होती. मूळ वडीचा चुरा झाला होता, म्हणून तिने दुसरी वडी नळाखाली अर्धा तास घासून तेवढीच पातळ केली. फरशी ओली केली. पत्रकार दारात आणि बोळात दाटीवाटीने उभे राहिले. भाचीने वडीवर पाय ठेवला.

ती घसरली नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा तिने मुद्दाम घसरायचा प्रयत्न केला, तरी नाही.

"म्हणजे घसरायला होत नाही, असं लिहू का?" मागून एका पत्रकाराने विचारलं.

"माझं वजन कमी पडतंय," भाची म्हणाली. "मामा ब्याण्णव किलोंचे आहेत."

प्रतोद नव्वदीच्या आसपासचेच होते, आणि त्यांना दहा वाजता बैठक होती. "अहो, काय पोरखेळ चाललाय? घसरायला होत नाही म्हणजे काय?" असं म्हणत ते पुढे झाले आणि त्यांनी बुटासकट वडीवर पाय दिला.

प्रयोग यशस्वी झाला. भाचीच्या चेहऱ्यावर क्षणभर निखळ आनंद होता. मग ती प्रतोदांना उचलायला धावली.

दारात गर्दी असल्यामुळे एकाही कॅमेऱ्यात पडणारे प्रतोद आले नाहीत. फक्त आवाज आला: एक धप्प, आणि एक शब्द, जो वाहिन्यांना गाळावा लागला. दुपारी प्रतोदही उजवा हात प्लास्टरमध्ये घालून बाहेर आले आणि पत्रकारांना म्हणाले, "साबणावरून घसरलो."

आता बंडखोर दोन झाले, आणि प्रतोदांचं नावही त्या तिसांत होतंच. एका नामवंत स्तंभलेखकाने लिहिलं की, या दोघांची तिकिटं आता कोणीही कापू शकत नाही. कापली, तर हात कोणी मोडले याची कबुलीच दिल्यासारखं होईल. खासदारांनी तो लेख पत्नीला दोनदा वाचून दाखवला. "पंधरा वर्षांत मला जे जमलं नाही, ते तुझ्या साबणाने करून दाखवलं," ते म्हणाले. त्या रात्री त्यांना बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली.

तो लेख इतरांनीही वाचला होता. सोमवारी एक सदस्य हात गळ्यात बांधून आले. जिन्यावरून पडले म्हणाले. मंगळवारी दोघे आले. एक सायकलवरून पडले होते, दुसऱ्यांचं मनगट बरणीचं झाकण उघडताना गेलं होतं. सगळ्यांचा उजवाच हात, आणि सगळे त्या तिसांतले. पुढच्या आठवड्यात हाडांच्या डॉक्टरांनी फोन उचलणं बंद केलं. तिसरा आठवडा संपता संपता, खासदार आणि प्रतोद धरून, तीसच्या तीस हात प्लास्टरमध्ये होते.

अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, म्हणजे ज्या संध्याकाळी यादी लागणार होती त्याच दिवशी सकाळी, खासदारांचे तीन आठवडे पूर्ण झाले. डॉक्टरांनी प्लास्टर कापलं. खासदारांनी अजून एक दिवस राहू देण्याबद्दल चाचरत विचारलं.

"बरा झालेला हात मी बांधून ठेवत नाही," डॉक्टर म्हणाले.

घरी भाचीने कापलेले दोन्ही अर्धे भाग जुळवून पाहिले. चिकटपट्टीने ते सहज बसत होते. "मामा, एका संध्याकाळचा तर प्रश्न आहे. कोणाला कळणारसुद्धा नाही."

"बांधून घ्या की हो," पत्नी म्हणाली. "सगळ्यांनी बांधलेत."

खासदारांनी आपल्या हाताकडे पाहिलं. तो बारीक आणि पांढरट झाला होता, आणि त्याला खाज सुटली होती. "सगळ्यांचं खोटं आहे," ते म्हणाले. "माझं तेवढं खरं होतं. माझ्या नावावर आहे काय, तर हा एक खरा मोडलेला हात. त्यावर चिकटपट्टी नको." मग दारातून वळून भाचीला म्हणाले, "अहवालात घालायचं असेल तर घाल. दोन पानं होतील."

सभागृहात नेत्यांनी निरोपाचं भाषण केलं. आपला पक्ष म्हणजे एक कुटुंब आहे, असं म्हणून ते थांबले. शांतता पसरली. एकोणतीस हात गळ्यात होते. उरलेले पहिल्या थापेची वाट पाहत होते. खासदार गप्प बसायचं ठरवून आले होते. पण हाताला पंधरा वर्षांची सवय होती. तो आपोआप वर गेला आणि नेमक्या जागी, नेमक्या क्षणी पडला. मागोमाग बाकं दणाणली.

नेते मागे वळले. त्यांनी मोकळ्या हाताकडे पाहिलं.

"बरा झाला का?" त्यांनी मायेने विचारलं.

"हो साहेब. आज सकाळीच."

"छान, छान," नेते म्हणाले, आणि शेजारी वाकून प्रतोदांच्या कानात काहीतरी बोलले. प्रतोदांनी ते डाव्या हाताने कसंबसं लिहून घेतलं.

संध्याकाळी यादी लागली. तीस जणांची तिकिटं कापली जाणार अशी चर्चा होती. कापलं गेलं एक.